ठिणगी आणि ग्रंथि

मार्गशीर्ष सरून पौष लागला, कीं आमच्या छत्रपती संभाजीनगरांत घरोघर एक चमत्कारिक तक्रार ऐकूं येऊं लागते. लोखंडी कपाटाच्या कडीस हात लावावा तों बोटाला चटका बसतो. नातवाच्या गालावरून हात फिरवावा तों तो दचकून मागें सरतो. रात्रीं दिवा मालवून नायलॉनचें पांघरूण झटकावें तों चट्चट् आवाज होऊन निळसर ठिणग्या उडतात. मोटारीचें दार, नळाची तोटी, खिडकीचा गज, सर्वांस जणूं विंचवाची नांगी फुटली आहे असें वाटतें. पूर्वीं या प्रकाराकडे कोणी फारसें लक्ष देत नसे. अलीकडे मात्र "वारंवार असे शॉक बसतात, तेव्हां थायरॉईड तर बिघडलें नसेल ना?" असा प्रश्न सुशिक्षित घरांतूनही विचारला जातो. या प्रश्नाचें सरळ उत्तर 'नाहीं' असेंच आहे. परंतु तेवढें उत्तर देऊन थांबणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. या प्रश्नाच्या पोटांत आणखी दोन गोष्टी दडल्या आहेत. त्यांपैकीं एकीकडे दुर्लक्ष झाल्यास प्राणावर बेततें, आणि दुसरीकडे झाल्यास एखाद्या माणसाच्या आयुष्याचीं उमेदीचीं वर्षें व्यर्थ जातात. म्हणून या मासीं हा विषय जरा विस्तारानें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

घर्षणानें वीज उत्पन्न होते हें मनुष्यास फार प्राचीन काळापासून ठाऊक आहे. एका जातीचा पिवळसर राळेचा खडा लोकरीवर घासला असतां तो गवताच्या काड्या आपल्याकडे ओढून घेतो. म्हणून आपल्याकडे त्यास 'तृणमणि' असें अन्वर्थक नांव पडलें. ग्रीक लोक याच खड्यास 'इलेक्ट्रॉन' म्हणत. इ.स. १६०० मध्यें विल्यम गिल्बर्ट या इंग्रज वैद्यानें लोहचुंबकावरील आपल्या ग्रंथांत त्यावरून एक लॅटिन विशेषण बनविलें, आणि आजचा 'इलेक्ट्रिसिटी' हा शब्द त्यांतूनच निघाला. त्यानंतर दहाच वर्षांनीं, म्हणजे इ.स. १६१० मध्यें, ज्यानें आमचें हें नगर 'खडकी' या नांवानें वसविलें त्या मलिक अंबराच्या नांवांतील 'अंबर' हा अरबी शब्द एका सुगंधी द्रव्याचा वाचक आहे. पण युरोपियनांनीं पुढें तोच शब्द उचलून तृणमण्यास लाविला. तेव्हां ज्या शक्तीचे चटके आज आम्हांस बसतात, तिचा मणि नांवापुरता तरी आमच्या नगराच्या संस्थापकाजवळ होता असें म्हणावयास हरकत नाहीं!

कणादांच्या वैशेषिक सूत्रांत लोहचुंबकाकडे सुई धांव घेते तिचें कारण 'अदृष्ट' म्हणून सांगितलें आहे, आणि पंधराव्या शतकांतील टीकाकार शंकरमिश्र यांनीं तृणमण्याकडे ओढल्या जाणाऱ्या काडीसही त्याच वर्गांत बसविलें. ज्याचें कारण दिसत नाहीं त्यास 'अदृष्ट' म्हणणें हा त्या शास्त्रकारांचा प्रामाणिकपणा होता. कारण स्पष्ट दिसूं लागल्यावरही प्रत्येक चटक्यामागें एखादा गुप्त रोग कल्पीत बसणें याला मात्र तें नांव देतां येणार नाहीं.

तें कारण असें. दोन भिन्न पदार्थ एकमेकांस चिकटून अथवा घासून दूर झाले, म्हणजे एकावरील कांहीं ऋणविद्युत् कण दुसऱ्यावर जातात. एकावर ऋण व दुसऱ्यावर धन असा विद्युद्भार सांचतो. पॉलिएस्टरची साडी नेसून प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलेली गृहिणी उठते, त्या क्षणीं तिच्या शरीरावर असा भार शिल्लक राहतो. पायांत रबरी तळाच्या सपाता असल्यामुळें तो जमिनींत उतरूं शकत नाहीं. पुढें तिचें बोट कपाटाच्या कडीजवळ जातें तों तो भार मधली हवा फोडून एकदम उडी घेतो; तीच ठिणगी, आणि तोच चटका. हवेंत ओलावा असला म्हणजे सर्व वस्तूंच्या पृष्ठभागावर पाण्याचा अतिसूक्ष्म थर बसतो व त्या वाटेनें हा भार नकळत ओसरून जातो. म्हणूनच आषाढ-श्रावणांत अशी तक्रार सहसा कोणी करीत नाहीं. मराठवाड्याची हवा पावसाळ्याचे महिने वगळले तर कोरडीच. त्यामुळें कोंकणांत किंवा मुंबईस राहणारे आमचे आप्त येथें हिवाळ्यांत आले, कीं पहिल्याच दिवशीं दाराच्या कडीस हात लावून चकित होतात. आणखीही एक गोष्ट आहे. आमच्या लहानपणीं घरांत सुती लुगडीं व धोतरें, बसावयास लांकडी पाट, शेणानें सारविलेली जमीन आणि अनवाणी पाय असत. त्या घरांत भार सांचावयास जागाच नव्हती. आज नायलॉन, पॉलिएस्टर, प्लॅस्टिक आणि घरांतही न सुटणाऱ्या सपाता आल्या. चटके वाढले ते या पालटामुळें.

हा चटका बोटास जाणवण्याला दोन-तीन हजार व्होल्टचा तरी दाब लागतो, आणि कोरड्या हवेंत नायलॉनच्या गालिच्यावर चालल्यानें शरीरावर दहा हजारांहून अधिक व्होल्टही सांचूं शकतात. घरांतील तारेंतील विजेचा दाब तर अवघा २३० व्होल्ट. मग दहा हजारांनीं मनुष्य नुसता दचकतो आणि २३० नीं प्राणास मुकतो, हें कसें? आमच्या नगरांतील पाणचक्की ज्यांनीं पाहिली आहे त्यांस हें समजण्यास कठीण जाऊं नये. पाणी ज्या उंचीवरून पडतें ती उंची म्हणजे दाब असें माना, व किती पाणी पडतें तें म्हणजे विजेचें परिमाण. एकच थेंब कितीही उंचावरून टाकला तरी जातें फिरणार नाहीं. बेताच्या उंचीवरून अखंड धार पडत राहिली तर मात्र पोतींच्या पोतीं धान्य दळलें जाईल. अंगावरील स्थिर वीज हा तो थेंब होय, आणि तारेंतील वीज ही ती न तुटणारी धार होय.

यावरून पहिली सावधगिरीची गोष्ट ध्यानांत येईल. "हिवाळ्यांत सगळ्यांनाच शॉक बसतात" असें म्हणून जी माणसें प्रत्येक चटका थट्टेवारी नेतात, तीं कधीं तरी थेंब समजून धारेंत हात घालितात. दोहोंतील भेद ओळखण्याच्या खुणा सोप्या आहेत. स्थिर विजेचा चटका एकदांच बसतो. तो खुर्चीवरून उठल्यावर, चालून आल्यावर किंवा मोटारींतून उतरल्यावर बसतो. कधीं कडीस, कधीं नळास, कधीं माणसास हात लागून बसतो. आणि अनवाणी पायांनीं व ओल्या हवेंत तो कमी होतो. यंत्रांतून गळणारी वीज याच्या अगदीं उलट वागते. हात लागलेला असेपर्यंत मुंग्या आल्यासारखी झिणझिण चालूच राहते. ती नेहमीं त्याच एका कूलरला, गीझरला, फ्रिजला किंवा कपडे धुण्याच्या यंत्राला लागते. आणि हात ओला असला किंवा पाय अनवाणी असले कीं अधिक जोरानें लागते. ही परीक्षा मुद्दाम हात लावून कोणीही करूं नये. संशय येतांच मुख्य स्विच बंद करावा, मुलांस दूर ठेवावें, आणि वायरमनला बोलावून यंत्राची तार व घराचें अर्थिंग दोन्ही तपासून घ्यावीं. मराठवाड्यांत उन्हाळ्याचे दिवस लोखंडी कूलरवांचून जात नाहींत. त्यांत पाणी भरतांना विजेचा धक्का लागून माणसें दगावल्याच्या वार्ता आपण वृत्तपत्रांत वाचतों. पाणी भरण्यापूर्वीं नुसतें बटण बंद न करितां प्लग काढून ठेवणें, आणि घराच्या मुख्य फळीवर ३० मिलिअँपियर गळतीस वीज तोडणारें आर.सी.सी.बी. नांवाचें उपकरण बसविणें, ही खर्चाच्या मानानें फार मोठी सुरक्षितता आहे.

आतां थायरॉईडकडे वळूं. गळ्याच्या पुढील बाजूस, कंठमण्याच्या खालीं, श्वासनलिकेस बिलगून ही फुलपांखराच्या आकाराची ग्रंथि असते. परिभाषाकारांनीं तिला 'अवटु-ग्रंथि' म्हटलें आहे. अमरकोशांत अवटु म्हणजे मानेची मागील बाजू, तेव्हां संस्कृतज्ञ वाचकांस हें नांव किंचित् उलटें वाटेल, पण तें आतां रूढ झालें आहे. आहारांतील आयोडीन घेऊन ही ग्रंथि थायरॉक्सिन नांवाचें द्रव्य तयार करते, आणि शरीराचे सर्व व्यापार किती वेगानें चालावे हें बव्हंशीं त्या द्रव्यावर ठरतें. तें कमी पडलें कीं सारेंच मंदावतें: नाडी, पचन, विचार, हालचाल. अधिक झालें कीं सारेंच घाईवर येतें. ही ग्रंथि अंगावर वीज उत्पन्न करीत नाहीं, व बाहेरून आलेली सांठवूनही ठेवीत नाहीं.

मग लोकांनीं या दोहोंची सांगड घातली ती कोठून? मधला एकच धागा दिसतो, तो त्वचेचा. ग्रंथि मंद झाली म्हणजे घाम कमी येतो व कातडी कोरडी, खरखरीत होते. आणि ज्याची कातडी कोरडी त्यास कोरड्या दिवसांत असे चटके अधिक जाणवणें शक्य आहे. परंतु या धाग्यास फार ओढूं नये. कातडी कोरडी होण्यास थंडी, उतारवय, कढत पाण्याचें स्नान आणि तीव्र साबण हीं कारणें पुरेशीं आहेत, आणि वैद्यकग्रंथांत या रोगाचीं जीं लक्षणें दिलीं आहेत त्यांत ठिणग्यांची गणना नाहीं. न्यायशास्त्राच्या भाषेंत बोलावयाचें तर हा हेतु सव्यभिचार आहे. धुरावरून अग्नीचें अनुमान करितां येतें, कारण अग्नीवांचून धूर नसतो. पण अग्नीवरून धुराचें अनुमान करूं गेल्यास तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा आपणांस खोटें पाडतो. ज्यांची ग्रंथि पूर्णपणें निरोगी आहे अशीं घरचीं सारीं माणसें माघांत चटके खातात, आणि ज्यांस हा रोग आहे असें एखादें माणूस रत्नागिरीस राहून वर्षभर एकही चटका खात नाहीं. मग चटका हा त्या रोगाचा हेतु ठरावा कसा?

तथापि येथेंच दुसरी सावधगिरीची गोष्ट आहे, आणि ती आमच्या परिचयाच्या एका घरांत घडलेल्या प्रकारावरून चांगली कळेल. त्या एकत्र कुटुंबांतील धाकट्या सूनबाईंना हिवाळ्यांत फार चटके बसत, व त्यांच्या हातून मुलांनाही बसत. मुलांनीं त्यांचें नांव 'बिजलीकाकू' ठेविलें, मोठींही हंसत. कोणी मनगटांत लोहचुंबकाचें कडें घालावयास सांगितलें, कोणी तांब्याची अंगठी आणून दिली. या हंशांत एक गोष्ट मागें पडली. सूनबाई सकाळीं उठावयास उशीर करीत, दुपारीं बसल्या जागीं डुलकी घेत, सांगितलेलें काम विसरत. आणि या सर्वांस घरानें एकच शब्द योजिला होता, तो म्हणजे 'आळस'. भोगीच्या दिवशीं न्हाण्यापूर्वीं सासूबाई त्यांच्या पाठीला तिळाचें तेल लावावयास बसल्या. हाताखालीं कातडी खरखरीत लागली, आंघोळीच्या गरम पाण्याजवळही अंग गार होतें, विंचरतांना केस हातांत आले, आणि सूनबाईंचा आवाज कांहीं महिन्यांपासून घोगरा झाला आहे हेंही त्यांच्या ध्यानांत आलें. त्या बाईंनीं थायरॉईडचें नांवही घेतलें नाहीं. "हा आळस नव्हे, हिला बरें नाहीं," एवढेंच त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्या आठवड्यांत सुनेस स्वतः डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. रक्त तपासलें तेव्हां ग्रंथि फारच मंद झालेली आढळली. औषध सुरू झालें. चैत्र-वैशाखापर्यंत त्यांच्या चेहऱ्यावरील सूज ओसरली, आवाज मोकळा झाला, कामांत पूर्वीची चपळाई आली. चटकेही पुढें थांबले. पण ते आषाढांत थांबले, आणि आषाढांत घरांतील सर्वांचेच थांबले होते. तेव्हां त्याचें श्रेय गोळीस द्यावयाचें कीं पावसास, हें वाचकांनींच ठरवावें.

इ.स. १८७३ मध्यें सर विल्यम गल या इंग्रज वैद्यानें प्रौढ स्त्रियांस जडणाऱ्या या मंदपणाचें वर्णन प्रथम प्रसिद्ध केलें. त्यापूर्वीं अशा किती स्त्रिया सुस्त व मंदबुद्धि म्हणवून घेऊन गेल्या असतील, याची गणना कोण करणार? इ.स. १८९१ मध्यें जॉर्ज मरे यानें मेंढ्याच्या ग्रंथीचा अर्क टोंचून ४६ वर्षांच्या एका स्त्रीवर उपचार केला. ती बाई पुढें २८ वर्षें जगली. आज त्या अर्काच्या जागीं प्रयोगशाळेंत बनविलेली लहानशी पांढरी गोळी आली आहे. भारतांतील आठ शहरांत झालेली एक पाहणी इ.स. २०१३ मध्यें प्रसिद्ध झाली. तींत दर दहा प्रौढांमागें सुमारें एकास ही मंदता आढळली, व पुरुषांपेक्षां स्त्रियांत ती अधिक होती.

म्हणून ठिणगी मोजण्याऐवजीं माणूस पाहावें. इतरांस उकडत असतां एखाद्यास थंडी वाजणें, आहार न वाढतां वजन वाढणें, बद्धकोष्ठ, सतत थकवा, केस गळणें, चेहऱ्यास व पापण्यांस सूज, आवाज घोगरा होणें, मासिक पाळींतील अनियमितपणा, विसराळूपणा, उदासी, यांपैकीं अनेक लक्षणें एकत्र दिसूं लागलीं तर डॉक्टरांच्या सल्ल्यानें टी.एस.एच. ही रक्तपरीक्षा करून घ्यावी. हें द्रव्य मेंदूच्या तळाशीं असलेल्या पीयूषिका ग्रंथींतून येतें. विद्यार्थी मंद असला म्हणजे मास्तरांचा आवाज चढतो, तसें अवटु-ग्रंथि सुस्तावली कीं याचें रक्तांतील प्रमाण चढतें. केस गळतात म्हणून ज्या गोळ्या घेतल्या जातात त्यांत पुष्कळदां बायोटिन असतें व त्यामुळें ही परीक्षा चुकीचा आंकडा दाखवूं शकते. ती घेत असल्यास डॉक्टरांस आधीं सांगावें. औषध ठरलें तर तें सकाळीं उपाशीं पोटीं पाण्याबरोबर घ्यावें, चहा-न्याहारी अर्ध्या ते एका तासानें. लोह व कॅल्शियम यांच्या गोळ्यांत आणि त्यांत चार तासांचें अंतर असावें. बरें वाटूं लागलें म्हणून आपल्या मनानें तें बंद करूं नये. गर्भवती स्त्रीनें तर दिवस राहिल्याचें कळतांच डॉक्टरांस भेटावें, कारण त्या काळांत मात्रा बहुधा वाढवावी लागते आणि पोटांतील बालकाच्या बुद्धीची वाढ त्यावर अवलंबून असते.

मिठाविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. हिमालयाच्या पायथ्याशीं कांगडा खोऱ्यांत इ.स. १९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामी व त्यांचे सहकारी यांनीं आयोडीनयुक्त मीठ देऊन गलगंड कमी होतो हें दाखवून दिलें, आणि इ.स. १९६२ मध्यें भारत सरकारनें राष्ट्रीय कार्यक्रम हातीं घेतला. आज कांहीं घरांत सैंधव शुद्ध म्हणून बारा महिने तेंच वापरण्याची रीत पडत आहे. सैंधवांत पुरेसें आयोडीन बहुधा नसतें. एकादशीस तें अवश्य वापरावें; रोजच्या आमटी-भाजीस आयोडीनयुक्त मीठच असावें. परंतु ज्यांस रोग जडलेला आहे त्यांनीं मीठ वाढवून तो बरा होईल अशी आशा धरूं नये. इ.स. १९१२ मध्यें जपानी वैद्य हाशिमोटो यांनीं ज्या विकाराचें वर्णन केलें, त्यांत शरीराची संरक्षक शक्तीच या ग्रंथीवर उलटते. तेथें जास्तीचें आयोडीन उपयोगी नसून कधीं अपायकारकही होतें.

राहिला प्रश्न चटक्यांचा. त्यावर कडीं, अंगठ्या किंवा 'अंगांतील वीज काढणाऱ्या' महागड्या चटया घेण्याचें कारण नाहीं. हिवाळ्यांत अंगास लागून सुती वस्त्र असावें. स्नानानंतर कातडी ओलसर आहे तोंच तेल किंवा मलम चोळावें. खोलींत पसरट भांड्यांत पाणी ठेवावें व फरशी ओल्या फडक्यानें पुसावी. घरांत शक्य तेवढें अनवाणी फिरावें. खुर्चीवरून उठतांना तिच्या धातूच्या दांड्यास हात लावून उठावें, आणि कपाटाच्या कडीस बोटाआधीं हातांतील किल्ली टेंकवावी. ठिणगी किल्लीवर पडते, बोटास कळतही नाहीं. पेट्रोल, स्पिरिट किंवा रॉकेल यांजवळ मात्र नायलॉनचीं वस्त्रें झटकूं नयेत व अंगांतून काढूं नयेत. मनुष्यास निरुपद्रवी असलेली ठिणगी वाफेस पेटविण्यास पुरेशी असते.

शेवटीं एकत्र कुटुंबांतील कर्त्या माणसांस एक विनंती. हा रोग तरुण सुनेच्या ठिकाणीं आळस म्हणून ओळखला जातो, आणि वृद्ध सासूच्या ठिकाणीं वार्धक्य म्हणून. सत्तरीच्या बाईस थंडी वाजते, ती विसरते, तिच्या हालचाली मंदावतात, तेव्हां "आतां वयच झालें" असें म्हणून आपण मोकळे होतों. वय झालेलें असेलही. पण रक्ताची एक परीक्षा करून पाहावयास वयाची आडकाठी नाहीं. घरांत दहा माणसें असण्याचा जर कांहीं लाभ असेल, तर तो हा, कीं एकाच्या अंगांतला पालट दुसऱ्याच्या हाताला वेळेवर कळावा.